पंजीत न लिहिलेलं वाक्य

सरकारी शाळेतली शिक्षकांची बैठक बाहेरच्या माणसानं सहसा पाहिलेली नसते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलांना अर्धी सुट्टी द्यायची, प्राचार्यांच्या खोलीत खुर्च्या ओढून बसायचं, चहा यायचा. प्राचार्य वरून आलेले आदेश वाचून दाखवतात, बाकीचे मान हलवतात. एक जण कोपऱ्यात बसून सगळं बैठक पंजीत लिहितो. पंजी म्हणजे लांब, जाड, लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर. शेवटी सगळे त्याखाली सह्या करतात आणि बसच्या वेळा बघत उठतात. त्या पंजीत जे लिहिलं ते घडलं. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

धार जिल्ह्यातल्या सरदारपुर तहसिलीतल्या एका शाळेत मी अकरा वर्षं ही पंजी लिहिली. माझा विषय गणित. माहेर देवासचं, सासर धारचं, नोकरी सगळी हिंदी शाळेतली. अक्षर मात्र आईनं गिरवून घेतलेलं, म्हणून पंजी माझ्याकडे आली. तपासणीला येणारे अधिकारी म्हणायचे, "खेर मॅडम की पंजी तो फ्रेम कराने लायक है." मला त्याचं फार कौतुक वाटायचं. दिवाळी अंकासाठी शाळेतल्या गमतीजमती लिहा असं मला सुचवलं होतं. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहायला बसल्यावर हेच पुढे येतं. (आमची सगळी बोलणी अर्थातच हिंदीतली, इथे मराठीत देते आहे. कुठे कुठे मूळ शब्द तसेच राहिले आहेत.)

त्या वेळी राठौर सर प्राचार्य होते. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. गोड बोलायचे. पण शाळेत कुणाच्या वाट्याला काय येणार हे ते एकटे ठरवत आणि ते कशावरून ठरवलं हे कुणाला कधी कळत नसे. एखादा शिक्षक रजेवर असला की त्याचा तास दुसऱ्या कुणाला तरी घ्यावा लागतो. त्याला आम्ही अरेंजमेंट म्हणतो. दिवसाचे सहा तास शिकवून झाल्यावर सातव्या तासाला सत्तर मुलांसमोर उभं राहावं लागणं म्हणजे काय ते शिक्षकालाच ठाऊक. ही अरेंजमेंट ठरावीक तीन-चार जणांनाच लागायची. निवडणुकीची ड्यूटी, मतदारयादीचं घरोघर फिरणं, हेही त्यांनाच. संस्कृतच्या सरांनी एकदा बैठकीत विचारलं, "सर, पाळी लावता येणार नाही का?" राठौर सर हसले. "अवश्य, विचार करेंगे." पंधरा दिवसांत संस्कृतच्या सरांचं अटॅचमेंट झालं, म्हणजे पगार आमच्या शाळेतून आणि काम लांबच्या, बस न जाणाऱ्या एका गावात. वर्षभर ते मोटारसायकलनं गेले. त्यानंतर बैठकीत कुणी काही विचारलं नाही.

इथे माझं स्वतःचं सांगायला हवं. अन्याय करणारा माणूस सगळ्यांवर अन्याय करत नाही. काहींना तो सवलती देतो, आणि त्याचं राज्य त्या सवलतींवर चालतं. मला सातवा तास कधी नसायचा. धारची बस गाठायला मी रोज दहा मिनिटं आधी निघत असे. त्याची कुठे नोंद नव्हती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे ती दहा मिनिटं मला लाखमोलाची वाटत. सर म्हणायचे, "मॅडम, आप निश्चिंत जाइए." मी निश्चिंत जात असे.

सविता डावर जीवशास्त्राची अतिथी शिक्षिका होती. अतिथी शिक्षक म्हणजे कायम शिक्षक नसेल तिथे वर्षापुरता बोलावलेला शिक्षक. पुढच्या वर्षी बोलावतीलच याची खात्री नाही. काम मात्र तेच, किंबहुना जास्तच. सविता जवळच्याच पाड्यावरची. त्या पाड्यावरून एमएस्सी झालेली पहिली मुलगी. फळ्यावर बेडकाचं हृदय असं काढायची की मी गणिताचा तास सुरू करताना ते पुसायला धजत नसे. शेजारच्या रिकाम्या भिंतीवर वर्तमानपत्र लावून त्यावर गणितं सोडवत शिकवत असे.

बारावीच्या बोर्डाचे फॉर्म पुरोहित सर भरायचे. ते राठौर सरांच्या अगदी जवळचे. फॉर्म ऑनलाइन भरले की एक चेकलिस्ट निघते. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, विषय. काही चुकलं असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत दुरुस्त करता येतं. तारीख गेली की पोर्टल बंद.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या बैठकीत, सगळे आदेश वाचून झाल्यावर सविता उभी राहिली. अतिथी शिक्षकांनी बैठकीत बोलायची रीतच नव्हती. तिच्या हातात चेकलिस्टची झेरॉक्स होती.

"सर, माझ्या सात मुलींच्या नावापुढे जीवशास्त्राच्या जागी गणित आलंय. दुरुस्तीला अजून सहा दिवस आहेत."

पुरोहित सर म्हणाले, "पोर्टलवर बरोबर आहे. प्रिंटमध्ये कधीकधी असं येतं."

"सर, मी पोर्टलवरही बघितलं. तिथेही गणितच आहे."

"तुमको पोर्टल का पासवर्ड किसने दिया?"

पासवर्ड पुरोहित सरांनीच दिला होता. अर्धे फॉर्म ते तिच्याकडूनच भरून घेत, हे सगळ्यांना माहीत होतं. सविता काही बोलणार तेवढ्यात राठौर सर तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "सविता जी, आप अतिथि हैं. अतिथि घर का सामान नहीं जाँचता." दोघंतिघं हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे लिहू नका. हे आपापसातलं आहे."

मी वाक्य सुरू केलं होतं. 'श्रीमती डावर ने अवगत कराया कि' एवढं लिहून झालं होतं. त्यावर मी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'अन्य कोई विषय न होने से बैठक समाप्त.' सगळ्यांनी सह्या केल्या. सवितानंही केली. मी चारची बस पकडली.

खरं तर मला वेगळं कुणी सांगायचीही गरज नव्हती. कागदावर माझ्याच वर्गात सात मुली वाढल्या होत्या. चेकलिस्ट माझ्या टेबलावरही आली होती. मी माझ्या मुलांची नावं बघितली, बरोबर आहेत असं पाहिलं आणि सही केली. एकूण आकडा मोजला नाही. गणिताची शिक्षिका मी!

फेब्रुवारीत प्रवेशपत्रं आली. सात मुलींच्या प्रवेशपत्रावर गणित. गावात गोंधळ झाला. पालक आले, सरपंच आले. कुणीतरी जिल्ह्यात फोन केला. राठौर सर भोपाळला दोन खेपा करून आले. विशेष परवानगीनं विषय बदलून मिळणार, पण प्रत्येक मुलीचा आणि पालकाचा सहीचा अर्ज हवा, तोही दोन दिवसांत. पाच मुलींचे अर्ज झाले. अनिता आणि रमिला या दोघींचे झाले नाहीत. प्रवेशपत्र चुकीचं आलंय, परीक्षा नाही, असं पहिल्या दिवशीच घरी कळलं होतं. रमिलाचं कुटुंब तिला घेऊन गुजरातला मजुरीला निघून गेलं. अनिताचं लग्न ठरत होतं, तिच्या वडिलांनी म्हटलं, आता राहू दे. बारावीच्या उंबरठ्यावरून दोघी परत फिरल्या.

मग चौकशी आली. दोन अधिकारी. त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल? बैठक पंजी. नोव्हेंबरचं पान उघडलं. त्यात काहीच नव्हतं. अर्ध्या वाक्यावरच्या त्या रेघेबद्दल त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लिखने में भूल हो गई थी." अक्षराची कीर्ती होतीच, त्यांनी पान उलटलं. त्यानंतर एक पंचनामा तयार झाला. अतिथी शिक्षिका श्रीमती डावर यांनी आपल्या विषयाची चेकलिस्ट तपासली नाही आणि चूक कुणाच्याही निदर्शनास आणली नाही. खाली अकरा सह्या. त्यात चौथी माझी.

त्याच आठवड्यात सविताला कमी केलं. तिच्या नोंदीवर शेरा आला, त्यामुळे दुसऱ्या शाळेतही बोलावणं बंद झालं. ती भांडली नाही. जाताना स्टाफ रूममध्ये आली, आपला डबा, दोन पुस्तकं घेतली, सगळ्यांना नमस्कार केला. आम्हीही केला.

पुढे दोन वर्षांनी राठौर सर सन्मानानं निवृत्त झाले. निरोप समारंभात मानपत्र मीच लिहिलं.

त्यांच्या जागी मंडलोई मॅडम आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं रोखठोक. आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. "खेर मॅडम, तुम्ही चारला दहा मिनिटं असताना जाता. बाकीचे चारला जातात. घरी अडचण असेल तर अर्ज द्या, मी नियमात बसेल ते करीन. पण सगळ्यांना तेच."

मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. घरी ह्यांना म्हटलं, "नवी बाई फार कडक आहे." हे म्हणाले, "बसचं म्हणतेस? मग पुढची बस धर." मी पुढची बस धरायला लागले. सासूबाईंसाठी शेजारच्या वहिनी तासभर येऊन बसायला लागल्या. जग बुडालं नाही.

मॅडमनी काही फार मोठं केलं नाही. अरेंजमेंटचा तक्ता स्टाफ रूमच्या भिंतीवर लावला, पाळीपाळीनं, त्यात स्वतःचंही नाव. पहिल्याच महिन्यात सातव्या तासाला नववी 'ब' घ्यायला त्या स्वतः गेल्या, तेव्हा मुलांपेक्षा आम्हीच जास्त चकित झालो. बैठकीत त्यांनी उलटी रीत पाडली. आधी सर्वात नवा शिक्षक बोलणार, शेवटी प्राचार्य. आणि सह्यांच्या आधी पंजी मोठ्यानं वाचायची. ज्याला वाटेल त्यानं म्हणावं, माझं हे राहिलं.

पहिले चार-पाच महिने कुणीच काही बोललं नाही. नवी अतिथी शिक्षिका "सब ठीक है" म्हणून खाली बसायची. मग एकदा चपराशी कमल भिया (भैयाला इकडे भिया म्हणतात), ज्याला बैठकीत चहा देण्यापलीकडे काम नसे, तोच दारातून म्हणाला, "मॅडम, मुलींच्या बाथरूमला कडी नाही. दोन वर्षं झाली." मॅडमनी मला सांगितलं, "लिहा. कमल यांनी सांगितलं असं नावानं लिहा." सोमवारी कडी लागली. त्यानंतर हळूहळू लोक बोलू लागले. कुणी रागानं, कुणी क्षुल्लक, कुणी उगाचच. मॅडम सगळं ऐकायच्या. पुष्कळदा "नाही, हे होणार नाही" म्हणायच्या, पण का होणार नाही तेही सांगायच्या. शिक्षक भित्रे असतात असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. बोलून आपलं काय होईल याचा माणूस रोज हिशोब करतो, आणि तो हिशोब बहुधा बरोबर असतो.

मग एका बैठकीत पुरोहित सर उभे राहिले. चेहरा उतरलेला. "मॅडम, प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण भरताना माझ्याकडून दोन मुलांचे उलटसुलट झालेत. काल रात्री लक्षात आलं."

मॅडमनी विचारलं, "दुरुस्तीची तारीख आहे?"

"परवापर्यंत आहे."

"मग आत्ता उठा आणि आधी ते करून या. बाकीचं नंतर बघू."

नंतर त्यांना एक लेखी ताकीद मिळाली, दोन ओळींची. एवढंच. हे सगळं मी पंजीत लिहीत होते. लिहिता लिहिता माझा हात थांबला. पुरोहित सरांनी त्या नोव्हेंबरात असंच उठून जाऊन दुरुस्ती केली असती तर? सहा दिवस होते. त्यांना तेव्हा कबूल करायची भीती वाटली असेल, आणि मला लिहायची. पण किंमत आमच्यापैकी कुणी दिली नव्हती.

मी चार दिवस घेतले. ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. आता कशाला उकरतेस? त्या मुलीची तक्रार आलीय का?"

"नाही."

"मग?"

"मी चौथी सही केलीय, हो."

सकाळी माझा डबा भरून त्यांनीच पिशवीत ठेवला.

मंडलोई मॅडमनी सगळं ऐकलं. "लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आणि हे समजून द्या की पहिली नोटिस तुम्हालाच मिळेल."

तसंच झालं. कारणे दाखवा नोटिस आली. मी उत्तर दिलं: होय, श्रीमती डावर यांनी बैठकीत सांगितलं होतं, होय, मी लिहिणं थांबवलं, होय, पंचनाम्यावर खोटी सही केली. पंचनाम्यावरच्या अकरा जणांपैकी माझ्याशिवाय आणखी चौघांनी पुढे येऊन हेच लिहून दिलं. बाकीच्यांना आठवत नव्हतं. पंधरा दिवसांनी पाचवं निवेदन आलं, पुरोहित सरांचं. 'फॉर्म मी भरले होते', एवढंच एक वाक्य, खाली सही. माझ्या गोपनीय अहवालात ठपका आला, तो आजही तिथे आहे. राठौर सरांचं काही झालं नाही. ते निवृत्त होते. सविताच्या नोंदीवरचा शेरा काढला गेला.

तो आदेश घेऊन मी तिला शोधायला निघाले. नंबर बदलला होता. पाड्यावर तिचा भाऊ भेटला. म्हणाला, ती पीथमपुरला आहे, औषधांच्या कंपनीत. रविवारी मी आणि हे गेलो. शिफ्टची बस लागते तिथल्या चहाच्या टपरीवर ती आली. केस कापलेले, गळ्यात ओळखपत्र. मला पाहून वाकली, नमस्कार केला. मी आदेश तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्या उभ्या दोनदा वाचला.

"आता परत ये, सविता. धारमध्ये जीवशास्त्राच्या जागा आहेत. मी स्वतः बोलते."

"नहीं मॅडम." ती शांतपणे म्हणाली. "मी पॅकिंगला आहे. पट्ट्यावर चुकीचं लेबल दिसलं की मी बटण दाबते आणि सगळी लाइन थांबते. मोठे साहेब येतात, बघतात. तू कायम आहेस की ठेक्यावर, असं कुणी विचारत नाही. मुझे यहाँ अच्छा लगता है."

मी क्षमा मागितली. वाक्य मी घरून ठरवून नेलं होतं, ते अर्धवटच आलं. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी सरांकडे बघत नव्हते. तुमच्याकडे बघत होते. वाटलं, मॅडम लिहितायत, म्हणजे झालं." मग आदेशाची घडी घालत म्हणाली, "माझं ठीक आहे. मला काम मिळालं. त्या दोघींना कुणी भेटलं का?"

मला त्या दोघी आठवत होत्या, पण भेटायला जायचं मनात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सविता आणि मी अनिताच्या सासरी गेलो. तिला एक मुलगी झाली होती. स्वाध्यायी म्हणून, म्हणजे शाळेत न जाता, बारावीला बसता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा म्हणाला, "बसायचं तर बसू दे." सविता सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवायची, इतर विषयांचं मी बघत असे. पहिल्या वर्षी ती एका विषयात राहिली, दुसऱ्या वर्षी पास झाली. आता ती नर्सिंगच्या प्रवेशाची वाट बघते आहे.

रमिलाकडे आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा उन्हाळा होता. पाड्यावरच्या तिच्या घराला कुलूप. शेजारी एक म्हातारा महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालत बसला होता. सविता त्याच्याशी तिकडच्या बोलीत बोलली. तो म्हणाला, सगळे मोरबीकडे आहेत, टाइल्सच्या कारखान्यात. रमिलाचंही तिकडेच लग्न झालं. कधी येतात, कधी नाही. नंबर कुणाकडे नाही.

"काई काम थो?" त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, "आमच्याकडून चूक झाली होती. ते सांगायला आलो होतो."

"म्हने के दो," मला सांगून ठेवा, असं तो म्हणाला. "आवेगी तो के दूँगा."

सविता माझ्याकडे बघत होती. मी तिथेच, अंगणातल्या मातीवर बसले आणि त्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. चेकलिस्ट, सहा दिवस, पंजी, रेघ, अकरा सह्या. पोर्टल म्हणजे काय तेही सांगावं लागलं. त्यानं महुआ पसरणं थांबवून शेवटपर्यंत ऐकलं.

मग विचारलं, "तब नी बोल्या?"

"नहीं," मी म्हटलं. "तब नहीं बोली."